साठ प्रश्न, साठ कारणे : एका प्रश्नसंचाच्या कामाच्या नोंदी

७ एप्रिल २०२५

काम सुरू. ग्रंथालयाच्या खुल्या प्रश्नमंजूषेसाठी ६० मुख्य आणि १२ राखीव प्रश्न. सहा फेऱ्या, दर फेरीत दहा. पहिल्या चार फेऱ्या पाळीने, शेवटच्या दोन बझरवर. कार्डे १७ मेला छापायला जाणार.

निवडीची अट अशी ठरली: उत्तर ऐकल्यावर सभागृहातून "छे, असे कसे?" आले पाहिजे, आणि ते कसे, हे सूत्रसंचालकाला चार वाक्यांत सांगता आले पाहिजे. धक्का आहे पण कारण सांगता येत नाही, तो प्रश्न पाठांतराचा. कारण आहे पण धक्का नाही, तो शाळेच्या पेपरातला. दोन्ही बाद.

कार्ड पोस्टकार्डाएवढे, जाड कागदाचे. पुढे फक्त प्रश्न. मागे पाच ओळी: उत्तर, कारण, हेही चालेल, हे चालणार नाही, तपासल्याची तारीख. तिसरी आणि चौथी ओळ रिकामी असलेले कार्ड अपुरे समजायचे. स्पर्धेतली भांडणे बहुतेक याच दोन ओळींवरून होतात.

जुन्या संचांतून लगेच काढलेले: ऑक्टोपसची तीन हृदये, विमानातला नारिंगी 'ब्लॅक बॉक्स', भारताचा राष्ट्रीय खेळ. चुकीचे एकही नाही, पण मोबाईलवर फिरून गुळगुळीत झाले आहेत. राष्ट्रीय खेळाचा दोष आणखी वेगळा. सरकारने असा कोणताच खेळ जाहीर केलेला नाही, त्यामुळे उत्तर 'एकही नाही' असे येते. असे प्रश्न अनुभवी संघ वासानेच ओळखतात. संचात 'एकही नाही' प्रकारचा जास्तीत जास्त एक.

९ एप्रिल

पहिला पक्का प्रश्न मिळाला आणि त्यावरच सगळा दिवस गेला.

प्रश्नाचा पहिला मसुदा: "साबुदाण्याच्या खिचडीतले कोणते पदार्थ कोलंबसाच्या आधी भारतात नव्हते?"

उत्तर: साबुदाणा, शेंगदाणे, बटाटा आणि मिरची. म्हणजे जवळजवळ सगळी खिचडी. उरतात तूप, जिरे, मीठ.

कारण तपासताना साबुदाणा सर्वांत गुंतागुंतीचा निघाला. 'साबू' हा शब्द मलाय भाषेतल्या 'सागू'वरून आला. तिकडे सागूच्या माडासारख्या झाडाच्या खोडातून पिठूळ गर काढतात. आपल्या दुकानात मिळतो तो साबुदाणा मात्र टॅपिओका, म्हणजे कसावा या कंदाचा. हा कंद मूळचा दक्षिण अमेरिकेतला, भारतात आणला पोर्तुगीजांनी. तमिळनाडूतल्या सेलम भागात १९४० च्या दशकात त्याचा साबुदाणा करण्याचा उद्योग उभा राहिला आणि आजही तेच मुख्य केंद्र आहे. नाव झाडाचे, माल कंदाचा.

कृती: कंद सोलून, धुऊन किसतात, पाण्याबरोबर गाळून पांढरे दूध काढतात, ते स्थिरावले की खाली स्टार्चचा थर बसतो, तो ओलसर असतानाच हलवून-घोळवून त्याचे गोल दाणे करतात, मग तापलेल्या पत्र्यावर शेकून वाळवतात. शेकताना दाण्याची बाहेरची बाजू अर्धवट शिजते. म्हणूनच भिजवल्यावर दाणा फुगतो, पण विरघळत नाही. ही ओळ कार्डावर घ्यायचीच. स्वयंपाकघरात रोज दिसणारी गोष्ट आहे, कारण मात्र कुणी विचारत नाही.

बटाटा अँडीज पर्वतातला, भुईमूगही दक्षिण अमेरिकेतला, मिरची मेक्सिको आणि आसपासची. 'बटाटा' शब्द पोर्तुगीजांकडून आला. त्यांच्याकडे तो कॅरिबियन बेटांवरून आला, आणि तिथे तो रताळ्याला वापरत. म्हणजे आपण बटाट्याला रताळ्याचे नाव दिले आहे. रताळेही अमेरिकेचेच. धान्यासाठी लावला जाणारा राजगिराही मूळचा अमेरिकेचाच. उपासाच्या ताटात भगर आणि शिंगाडा हेच जुने घरचे. गंमत अशी की ज्या तांदळाला उपासाला मनाई, तो या सगळ्यांपेक्षा इथे हजारो वर्षे जुना.

अडचण: मसुद्यात "कोणते पदार्थ" असे विचारले तर एखादा संघ तीन सांगेल, एखादा चार. गुण कसे द्यायचे? शिवाय बटाटा सगळ्यांच्या खिचडीत नसतो. दुरुस्त प्रश्न: "साबुदाणा, शेंगदाणे, हिरवी मिरची आणि जिरे. या चारपैकी तीन पदार्थ अमेरिका खंडातून आले. उरलेला एक कोणता?" उत्तर: जिरे. एकच उत्तर, वाद नाही, आणि धक्का कायम, कारण बहुतेक जण मिरची म्हणतील.

११ एप्रिल

फळांचे तीन प्रश्न तपासले. केळे शास्त्रानुसार 'बेरी', स्ट्रॉबेरी नाही. बरोबर आहे: एकाच बीजांडकोशापासून झालेले, आतपर्यंत मांसल फळ म्हणजे बेरी. स्ट्रॉबेरीचा लाल भाग हा फुलाचा फुगलेला तळ असून त्यावरचे पिवळे ठिपके हीच खरी फळे. पण हा प्रश्न आता सगळ्यांना पाठ आहे. राखीवमध्ये.

त्याजागी काजू घेतला. आपण ज्याला फळ म्हणतो तो बोंडू म्हणजे फुगलेला देठ. खाली लोंबणारी, मूत्रपिंडाच्या आकाराची, कठीण सालीची गोष्ट हेच खरे फळ, आणि आतला गर ही बी. मग गोव्यातली काजूची फेणी कशाची? देठाच्या रसाची. प्रश्न तसाच विचारायचा: "काजूची फेणी झाडाच्या कोणत्या भागापासून बनते?" 'हेही चालेल' ओळीत बोंडू, फुगलेला देठ, आभासी फळ. 'हे चालणार नाही' ओळीत नुसते फळ आणि बी. कार्डावर एक सूचना: कुणी कच्ची काजूबी दाताने फोडून दाखवायला निघाला तर थांबवा. सालीतल्या तेलाने ओठ आणि कातडी भाजते.

नागपूरचे संत्रे हे इंग्रजीतल्या 'मँडरिन' गटातले, तर मोसंबी 'स्वीट ऑरेंज' गटातली. बरोबर, पण सांगताना तीन परकी नावे घ्यावी लागतात. वगळला.

१६ एप्रिल

रेल्वेचे कार्ड. मसुदा: "भारतातली पहिली रेल्वे कुठे धावली?" आणि उत्तर बोरीबंदर ते ठाणे, १६ एप्रिल १८५३. प्रश्न जसा आहे तसा वाचला तर उत्तर चूक.

१८३७ मध्ये मद्रासजवळ रेड हिल्स इथून दगड वाहून नेणारी रेल्वे होती. १८५१ च्या डिसेंबरात रुडकीजवळ सोलानी नदीवरच्या जलसेतूच्या बांधकामासाठी माती वाहायला वाफेचे इंजिन चालले. बोरीबंदरचा मान सार्वजनिक प्रवासी गाडीचा. १४ डबे, सुमारे ४०० पाहुणे, ३४ किलोमीटर, आणि ओढायला साहिब, सिंध, सुलतान ही तीन इंजिने.

म्हणजे 'प्रवासी' हा एक शब्द गेला की उत्तर बदलते. हाच प्रश्न उलटा फिरवून ठेवला: "१८५३ च्या आधी भारतात रूळ होते, इंजिनही होते. मग ठाण्याच्या गाडीला पहिली का म्हणतात?" यात जागा नाही, कारण विचारले आहे, म्हणून पाच गुणांच्या फेरीत.

याच निमित्ताने मसुद्यातले सगळे 'पहिला', 'सर्वांत मोठा', 'एकमेव' लाल पेनाने गोल केले. २३ निघाले. प्रत्येकासमोर एकच विचारायचे: कशात पहिला? उत्तर एका शब्दात देता आले नाही तर कार्ड परत.

१९ एप्रिल

लाल गोलांपैकी सर्वांत उंच शिखर. 'सर्वांत उंच' याची तीन मापे, तीन उत्तरे.

समुद्रसपाटीपासून: एव्हरेस्ट, ८,८४८.८६ मीटर. हा आकडा नेपाळ आणि चीनने मिळून डिसेंबर २०२० मध्ये जाहीर केला. पायथ्यापासून माथ्यापर्यंत: हवाई बेटावरचा मौना केआ. समुद्रावर दिसतो सुमारे ४,२०० मीटर, पण समुद्रतळापासून मोजला तर १०,००० मीटरच्या वर. पृथ्वीच्या केंद्रापासून सर्वांत दूर: इक्वेडोरमधला चिंबोराझो, उंची अवघी सुमारे ६,२६० मीटर.

तिसरे उत्तर घेतले, कारण त्यामागचे कारण गणिताने दाखवता येते. पृथ्वी विषुववृत्तावर फुगलेली आहे. तिथली त्रिज्या ६,३७८ किलोमीटर, ध्रुवावरची ६,३५७. फरक २१ किलोमीटर. चिंबोराझो विषुववृत्ताला जवळजवळ चिकटून आहे, एव्हरेस्ट २८ अंश उत्तरेला. एव्हरेस्ट उंचीत अडीच किलोमीटरहून जास्त पुढे असला तरी पाय ठेवायची जमीनच तिथे खाली आहे. केंद्रापासून मोजल्यावर चिंबोराझो सुमारे दोन किलोमीटरने पुढे जातो.

सूत्रसंचालकासाठी टीप: "पाटावर उभा बुटका, जमिनीवर उभा उंच" एवढेच सांगा, सभागृहात आकडे वाचू नका.

२३ एप्रिल

आज जागतिक पुस्तक दिन, म्हणून तो प्रश्न आजच तपासून संपवला. सर्रास सांगतात की शेक्सपिअर आणि स्पॅनिश लेखक सर्व्हांतेस एकाच दिवशी, २३ एप्रिल १६१६ ला वारले.

तारीख एक, दिवस एक नाही. स्पेनने १५८२ मध्ये ग्रेगरियन कालगणना घेतली. त्या वर्षी ४ ऑक्टोबरनंतर थेट १५ ऑक्टोबर आला. इंग्लंड जुन्या ज्युलियनवरच राहिले, ते १७५२ पर्यंत. १६१६ मध्ये दोघांत दहा दिवसांचे अंतर. शेक्सपिअरची २३ एप्रिल म्हणजे स्पेनमधली ३ मे. शिवाय सर्व्हांतेस २२ तारखेला वारला, २३ ला दफन झाले.

मराठी इतिहास वाचणाऱ्यांना हा घोळ ओळखीचा आहे. सतराव्या शतकातल्या घटनांचे कागद चाळताना इंग्रज वखारीच्या पत्रातली तारीख आणि गोव्याच्या पोर्तुगीजांच्या पत्रातली तारीख यांत दहा दिवसांचा फरक दिसला, तर दोघांपैकी कुणी चुकले असेलच असे नाही. हे वाक्य कार्डाच्या मागे टाकले. इथल्या श्रोत्यांना शेक्सपिअरपेक्षा तेच जास्त लागू पडेल.

प्रश्न: "इंग्लंडमध्ये २ सप्टेंबर १७५२ च्या दुसऱ्या दिवशी कोणती तारीख होती?" उत्तर: १४ सप्टेंबर. तेव्हा अंतर अकरा दिवसांचे झाले होते, कारण १७०० हे वर्ष ज्युलियनमध्ये लीप आणि ग्रेगरियनमध्ये नाही. 'हे चालणार नाही' ओळीत १३ सप्टेंबर: १५८२ चे दहा दिवस पाठ असलेले संघ इथेच पडतील.

२६ एप्रिल

खिशातली नोट. प्रश्न साधा: नोटेवर किती भाषा? येणारी उत्तरे तीन: १५, १७, २२. मागच्या बाजूच्या पट्टीत १५, त्याखेरीज हिंदी आणि इंग्रजी मोठ्या अक्षरांत, एकूण १७. २२ हा आकडा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीचा. त्यातल्या बोडो, डोगरी, मैथिली, मणिपुरी, संथाली आणि सिंधी या सहा भाषा नोटेवर नाहीत. २२ वजा ६, म्हणजे १६, अधिक इंग्रजी, १७. हिशेब जुळतो.

पण आकडा विचारण्यापेक्षा पट्टीचा क्रम जास्त रंजक निघाला. भाषा इंग्रजी नावांच्या वर्णानुक्रमाने आहेत: वरून असमिया, बंगाली, गुजराती, कन्नड, काश्मिरी, कोंकणी, मल्याळम, मग मराठी; खाली नेपाळी, ओडिया, पंजाबी, संस्कृत, तमिळ, तेलुगू, उर्दू. मराठी बरोबर मधोमध, वर सात आणि खाली सात. प्रश्न: "नोटेच्या मागच्या भाषापट्टीत देवनागरीत किती ओळी आहेत?" उत्तर: चार. कोंकणी, मराठी, नेपाळी, संस्कृत. काश्मिरीची ओळ उर्दूसारख्या लिपीत आहे, आणि हिंदी पट्टीत नाहीच. बहुतेक संघ हिंदी धरून पाच म्हणतील.

'पट्टीत एकूण लिप्या किती' हा जोडप्रश्न रद्द केला. असमिया आणि बंगाली लिपी एक धरायची की दोन, यावर हरकत येणारच, आणि हरकत घेणारा बरोबर असेल.

नियम: या प्रश्नाच्या वेळी नोटा खिशात. सूत्रसंचालकाने आधीच बजावायचे.

३० एप्रिल

आज फक्त शिळी होणारी उत्तरे. तपासल्याची तारीख ही ओळ यासाठीच आहे.

शनीचे चंद्र. २०२३ च्या सुरुवातीला गुरू पुढे होता, त्याच वर्षी शनी १४६ वर गेला, आणि मार्च २०२५ मध्ये १२८ नव्या चंद्रांना मान्यता मिळून तो २७४ वर पोहोचला. किती हे विचारायचे नाही. कोणाचे जास्त, एवढेच.

जिल्ह्यांची नावे: छत्रपती संभाजीनगर, धाराशिव, अहिल्यानगर. कार्डावर नवे नाव छापायचे, 'हेही चालेल' ओळीत जुने. याला अपवाद नाही.

लोणार. जुन्या पुस्तकांत या विवराचे वय सुमारे ५२,००० वर्षे दिलेले असते. ते उष्णतेने खनिजातून निघणारा प्रकाश मोजून काढले होते. नंतर आर्गॉन समस्थानिकांवरून केलेल्या मोजणीत सुमारे ५ लाख ७० हजार वर्षे आले. दहापट फरक. दोन्ही आकडे छापील साहित्यात सापडतात, म्हणून वयाचा प्रश्न काढून टाकला. कुणी "पुस्तकात असे आहे" म्हणून पान उघडून दाखवले तर त्याला गुण नाकारता येणार नाहीत.

त्याऐवजी: "जून २०२० मध्ये लोणारचे पाणी गुलाबी का झाले?" उत्तर: मीठ मानवणारे सूक्ष्मजीव, हॅलोआर्किया. पाणी खारट आणि क्षारयुक्त. उन्हाळ्यात पातळी घटली, खारटपणा वाढला, हे जीव वाढले आणि त्यांच्यातल्या गुलाबी रंगद्रव्याचा रंग पाण्यावर आला. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने नमुने तपासून हे दाखवले. 'हेही चालेल': खाऱ्या पाण्यातले जिवाणू. शास्त्रानुसार आर्किया म्हणजे जिवाणू नव्हेत, पण खुल्या स्पर्धेत एवढे ताणायचे नाही. 'हे चालणार नाही': शेवाळ, प्रदूषण.

३ मे

चित्रपटाचे कार्ड. १९१३ साली आजच्याच तारखेला गिरगावच्या कोरोनेशन सिनेमात 'राजा हरिश्चंद्र' लोकांसाठी लागला. इथेही 'पहिला' आहे. त्याच थिएटरात १८ मे १९१२ ला दादासाहेब तोरण्यांचा 'श्री पुंडलिक' लागला होता. त्याला पहिला न मानण्याची कारणे सांगतात ती अशी: तो नाटकाचे चित्रण होता, कॅमेरा ब्रिटिश माणसाने चालवला आणि फिल्मवरची प्रक्रिया लंडनला झाली. ही कारणे पटोत न पटोत, वाद जिवंत आहे. म्हणून 'पहिला चित्रपट' हा प्रश्न नाही.

त्याऐवजी: "फाळक्यांच्या 'लंका दहन'मध्ये राम आणि सीता या भूमिका कोणी केल्या?" दोन नावे ऐकायच्या तयारीत असलेल्या सभागृहाला एकच नाव मिळते: अण्णा साळुंके. 'राजा हरिश्चंद्र'मध्ये तारामतीही तेच होते. बायका सिनेमात काम करायला तयार नसत. १९१३ च्याच 'मोहिनी भस्मासुर'मध्ये दुर्गाबाई कामत आणि त्यांची मुलगी कमला आल्या तरी पुरुषांनी स्त्रीभूमिका करणे संपले नाही. 'लंका दहन' १९१७ चा. कारणाच्या चार ओळींत हे बरोबर बसते.

७ मे

आज बझर फेरीच्या वीस प्रश्नांचे मोठ्याने वाचन, घड्याळ लावून. दोष लगेच सापडला आणि तो मराठीचाच आहे. आपल्या वाक्यात क्रियापद शेवटी येते, आणि नकारही शेवटी. "यांपैकी कोणता ग्रह दुर्बिणीशिवाय दिसत…" इथे कुणी बझर दाबला तर पुढे 'असतो' आहे की 'नाही', हे त्याला कळलेलेच नसते. उत्तर चुकते आणि मग तक्रार येते की प्रश्न फसवा होता.

उपाय: बझरच्या प्रश्नात नकार वाक्याच्या पहिल्या तीन शब्दांत आणायचा, किंवा नकारच काढायचा. 'भारतात मूळचा नाही' ऐवजी 'बाहेरून आलेला'. वीसपैकी सात प्रश्न असे फिरवले.

दुसरा दोष आकड्यांचा. एकोणसत्तर आणि एकोणऐंशी, त्रेपन्न आणि छप्पन्न, पंचावन्न आणि पंच्याहत्तर: ध्वनिक्षेपकातून हे एकसारखे ऐकू येतात. उत्तर अंकांत असेल तिथे संघाने पाटीवर लिहून दाखवायचे, तोंडी उत्तर धरायचे नाही. सूत्रसंचालकानेही "एकोणऐंशी, सात नऊ" असे दोनदा वाचायचे.

उरलेल्या वेळात दोन कार्डे पक्की.

शुक्र: "कोणत्या ग्रहाला स्वतःभोवती एक फेरी मारायला सूर्याभोवतीच्या फेरीपेक्षा जास्त वेळ लागतो?" २४३ दिवस विरुद्ध २२५ दिवस. "ज्याचा दिवस वर्षापेक्षा मोठा" असे लिहायचे नाही. शुक्र उलटा फिरतो, त्यामुळे तिथे एका सूर्योदयापासून दुसऱ्या सूर्योदयापर्यंत सुमारे ११७ दिवसच लागतात. 'दिवस' शब्द वापरला की प्रश्न खोटा पडतो.

चीनची भिंत चंद्रावरून दिसते का? दिसत नाही, हे बहुतेकांना आता माहीत असते. का, हे सांगता येत नाही, म्हणून प्रश्न हिशेबाचा केला: "चंद्रावरून नुसत्या डोळ्यांनी वेगळी दिसायला वस्तू किती रुंद हवी: ११० मीटर, ११ किलोमीटर की ११० किलोमीटर?" डोळा अंशाचा साठावा भाग ओळखू शकतो. तेवढ्या कोनात वस्तूची रुंदी अंतराच्या ३,४३८ व्या भागाएवढी असते. ३,८४,४०० भागिले ३,४३८, म्हणजे सुमारे ११२ किलोमीटर. भिंत पाच-सात मीटर. साडेसात किलोमीटरवरून माणसाचा केस पाहण्यासारखे आहे ते. ४०० किलोमीटरवरच्या कक्षेतूनही याच हिशेबाने ११६ मीटर येतात. रंग ठळक असेल तर बारीक रेघही दिसते, पण भिंतीचा रंग आजूबाजूच्या मातीचाच. २००३ मध्ये अवकाशात गेलेला चीनचा पहिला अंतराळवीर यांग लीवेई यानेही भिंत दिसली नाही असेच सांगितले.

'मीठ टाकले की पाणी लवकर उकळते' हेही संचात घेतले: उलट आहे, लिटरभर पाण्यात ५८ ग्रॅम मिठाने उत्कलनबिंदू एका अंशाने वर जातो. छोटा प्रश्न, पहिल्या फेरीत.

१० मे

संचातला सर्वांत आवडता प्रश्न, आणि सर्वांत जास्त खाडाखोड झालेलाही.

"पुण्यात सूर्य वर्षातून किती दिवस बरोबर डोक्यावर येतो?" उत्तर: दोन. दिल्लीत: एकही नाही. सूर्य उत्तरेकडे कर्कवृत्तापर्यंतच, साडेतेवीस अंशांपर्यंत सरकतो. त्याच्या दक्षिणेच्या गावांवरून तो जाताना एकदा आणि परतताना एकदा जातो. महाराष्ट्र आणि गोवा पूर्णपणे कर्कवृत्ताच्या दक्षिणेला, त्यामुळे इथल्या प्रत्येक गावाला असे दोन दिवस मिळतात: पणजीला मेच्या पहिल्या आठवड्यात, पुण्याला १३-१४ मे, मुंबईला १५-१६ मे, नागपूरला २६ मेच्या सुमारास. परतीचा दिवस पुण्याला २९-३० जुलै, आणि तो ढगांत जातो. या दोन दिवसांच्या मधल्या अडीच महिन्यांत पुण्यात भर दुपारची सावली दक्षिणेला पडते, हेही कार्डावर.

वेळ बाराची नाही. भारतीय प्रमाणवेळ ८२.५ अंश रेखांशाची, पुणे ७३.८६ वर. फरक ८.६४ अंश, दर अंशाला ४ मिनिटे, म्हणजे साडेचौतीस मिनिटे उशीर. मेच्या मध्यात सूर्य घड्याळाच्या पावणेचार मिनिटे पुढे असतो, ते वजा. येतात १२ वाजून ३१ मिनिटे. मुंबईला याच रीतीने १२.३५. त्यातून जोडप्रश्न मिळाला: मुंबईने प्रमाणवेळेपेक्षा ३९ मिनिटे मागची स्वतःची 'बॉम्बे टाइम' कधीपर्यंत वापरली? १९५५ पर्यंत. प्रमाणवेळ १९०६ चीच असूनही.

'करून पाहा' टीप कार्डाच्या मागे. सपाट पाटी लेव्हल लावून आडवी ठेवा. एक मीटरची सरळ काठी ओळंब्याने दोन बाजूंनी तपासून उभी करा. १२.२० पासून दर दोन मिनिटांनी सावलीच्या टोकाला खूण करा. तारीख एक दिवस चुकली तरी मीटरभर काठीची सावली फक्त चार-पाच मिलिमीटर पडते, आणि सूर्याचे बिंब अर्ध्या अंशाचे असल्याने तिची कडही पुसट असते. काठी मात्र एका अंशाने कलली तर सावली १७ मिलिमीटर. म्हणजे सावली गेली नाही तर पंचांग नव्हे, ओळंबा तपासा. काठीऐवजी झाकण काढलेला उंच, सरळ डबा सोपा: आतला तळ पूर्ण उजळला की झाले.

खाडाखोड कशामुळे? 'किती वेळा' की 'किती दिवस'. 'वेळा' लिहिले की कुणीतरी ३६५ म्हणणार. 'बरोबर डोक्यावर' याखाली रेघ मारायची, आणि वाचताना तिथे थांबायचे.

१५ मे

अंतिम गाळणी. ७४ कार्डांतून दोन बाद: जुन्नरजवळच्या नाणेघाटातल्या अंकांचे एक आणि महाबळेश्वरला पाणी किती अंशांवर उकळते त्याचे. दुसऱ्यात उत्तर ९५ आणि ९६ च्या मध्ये येते आणि हवेच्या दाबाप्रमाणे हलते. नाणेघाटाचे मनापासून ठेवायचे होते: सातवाहनांच्या त्या शिलालेखात दहा, शंभर, हजार यांना स्वतंत्र चिन्हे आहेत, शून्य नाही, तरी मोठ्या संख्या बिनदिक्कत कोरल्या आहेत. पण चिन्ह दाखवल्याशिवाय प्रश्न उभा राहत नाही आणि पडदा मिळणार नाही. पुढच्या संचासाठी.

१७ मे

छपाईला दिले. प्रूफात सापडलेले: १८५३ चे १८५६, दोन ठिकाणी १ आणि ९ ची अदलाबदल, 'चिंबोराझो'चा अर्धा म तुटलेला. देवनागरी अंक २४ पॉइंटच्या खाली गेले की १ आणि ९ दुरून सारखे दिसतात, म्हणून प्रश्नाच्या बाजूचे अंक २८ पॉइंट. राखीव बारा कार्डांच्या कडा लाल. शनीचे कार्ड स्पर्धेच्या आदल्या रात्री पुन्हा तपासायचे.